बिल्ड हिरवं, अ‍ॅप आडवं: मेव्हनमधली डिपेंडन्सीची भांडणं कशी सोडवायची

दर दोन-तीन आठवड्यांनी कुणीतरी लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी येतं. वाक्य ठरलेलं असतं: "बिल्ड होतंय, पण चालवलं की पडतंय. आणि मी काहीच बदललेलं नाही." बदल झालेला असतोच, पण तो या माणसाने उघडलेल्या फाइलमध्ये नसतो. तो दोन पातळ्या खाली, कुणी तिसऱ्याने लिहिलेल्या पॉममध्ये असतो. (पॉम म्हणजे प्रोजेक्टला कुठल्या लायब्ररी हव्यात ते लिहिलेली मेव्हनची फाइल.)

हे टिपण जावा आणि मेव्हनपुरतं आहे. मेव्हन म्हणजे जावाचा प्रोजेक्ट बांधणारं आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी, म्हणजेच डिपेंडन्सी, आणून देणारं साधन. ग्रेडल हे तसंच दुसरं साधन. ग्रेडल वेगळं वागतं तिथे तसं सांगेन. कमांड आणि एररची नावं आपण बोलतो तशीच लिहिली आहेत.

लक्षणं

- कंपाइल आणि टेस्ट पार होतात, 'बिल्ड सक्सेस' दिसतं, आणि अ‍ॅप सुरू होताना किंवा एखाद्याच स्क्रीनवर 'नो सच मेथड एरर', 'नो क्लास डेफ फाउंड एरर' किंवा 'अ‍ॅबस्ट्रॅक्ट मेथड एरर' येते.
- एररमधला क्लास तुम्ही लिहिलेला नाही. त्याचं नावही आजच ऐकलं.
- पीडीएफ बनवणारी लायब्ररी घातली आणि बंद पडलं लॉगिन.
- तुमच्या मशीनवर चालतं, सर्व्हरवर नाही. किंवा उलट.
- एका क्लासचं त्याच नावाच्या क्लासमध्ये रूपांतर होत नाही, अशी वेड्यासारखी वाटणारी 'क्लास कास्ट एक्सेप्शन' येते.
- सुरुवातीलाच लॉगिंगची कुरकुर: 'क्लास पाथ कंटेन्स मल्टिपल एसएलएफफोरजे बाइंडिंग्ज'.
- बिल्डच्या पहिल्याच टप्प्यावर 'कुड नॉट रिझॉल्व्ह डिपेंडन्सीज', किंवा 'एरर इन ओपनिंग झिप फाइल'.

यातलं शेवटचं लक्षण बाकीच्यांच्या जातीचं नाही. तिथे लायब्ररी आलीच नाही, किंवा आली ती फुटकी आली. बाकी सगळीकडे लायब्ररी नीट आली आहे, पण भलतीच आली आहे. ही वाटणी आधी करा. लोकांचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो पहिल्या आजाराचं औषध दुसऱ्याला देण्यात. मेव्हन उतरवलेल्या लायब्ररी साठवतो तो डॉट एम-टू फोल्डर पुसायचा, पाऊण तास डाउनलोड बघत बसायचं, आणि शेवटी तीच चुकीची जार, म्हणजे लायब्ररीची फाइल, परत आणायची. कुठली जार आणायची हे पॉम ठरवतो, फोल्डर नाही. पॉम तोच असेल तर जारही तीच येणार.

१. एरर तळापर्यंत वाचा

फुकटची तपासणी, पण हीच सगळ्यात जास्त टाळली जाते. वरच्या चाळीस ओळी फ्रेमवर्कच्या असतात: अमुक बीन बनवता आलं नाही, कारण तमुक बीन बनवता आलं नाही. खाली जात शेवटचं 'कॉज्ड बाय' गाठा आणि तीन गोष्टी कागदावर उतरवा: कुठला क्लास, कुठली मेथड, आणि त्याच्या लगेच खालच्या ओळीत ती मेथड कोण मागत होतं. या तिसऱ्या गोष्टीकडे लोक बघत नाहीत, आणि पुढे उपयोगी तीच पडते. भांडण नेहमी दोघांत असतं. एररमध्ये एकाचं नाव मोठ्या अक्षरात येतं, दुसरा खालच्या ओळीत गप्प बसलेला असतो.

एररचा प्रकारही बरंच सांगतो. 'नो सच मेथड' आली तर मी सुटकेचा श्वास टाकतो. क्लास सापडला आहे, जार जागेवर आहे, फक्त व्हर्जन चुकलं आहे. 'क्लास नॉट फाउंड' म्हणजे कुणीतरी नावावरून क्लास शोधला आणि तो मिळाला नाही. 'नो क्लास डेफ फाउंड' म्हणजे कंपाइलच्या वेळी क्लास होता, आत्ता नाही. पण याच एररपुढे 'कुड नॉट इनिशियलाइज क्लास' असं लिहिलेलं असेल तर थांबा. तिथे क्लास सापडला होता, त्याचा स्टॅटिक भाग चालवताना आधीच काहीतरी फुटलं. खरं कारण लॉगमध्ये बरंच वर, 'एक्सेप्शन इन इनिशियलायझर एरर'पाशी पडलेलं असतं. ते न बघता डिपेंडन्सी खणत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. एकदा त्यात मीही होतो.

'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर' असेल तर लायब्ररीचं भांडण शोधूच नका. त्यातल्या आकड्यातून ४४ वजा करा, जावाचं व्हर्जन मिळतं: ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. 'फाइल ६१ची आहे, मला ५२पर्यंतच कळतं' याचा अर्थ जावा १७साठी बनवलेली लायब्ररी जावा ८वर चालवायला घेतली आहे.

२. मेव्हन कुठली जावा वापरतंय?

टर्मिनलवर मेव्हनला व्हर्जन विचारा. उत्तरात त्याचं स्वतःचं व्हर्जन येतं आणि खाली तो कुठल्या जावावर चालतोय तेही. आयडीईची (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरची) जावा वेगळी आणि मशीनच्या 'जावा होम' या सेटिंगमधली वेगळी, हा प्रकार इतका नेहमीचा आहे की मी विचारतसुद्धा नाही, सरळ कमांड मारायला सांगतो. याच दमात आयडीईमध्ये मेव्हन प्रोजेक्ट रीलोड करा. आयडीई स्वतःचा क्लासपाथ, म्हणजे जावा जिथे क्लास शोधते त्या जारची यादी, बांधून ठेवतं आणि पॉम बदलला तरी कधीकधी जुन्याच यादीवर चालत राहतं. टर्मिनलवर चालतं आणि आयडीईत पडतं असं असेल तर गोष्ट बहुतेक इथेच संपते.

३. जार आली आहे का, आणि ती जारच आहे का?

'कुड नॉट रिझॉल्व्ह' वाल्यांसाठी. बाकीच्यांनी पुढच्या मुद्द्यावर जावं.

मेव्हनला एखादी जार मिळाली नाही की तो ती नोंद डॉट एम-टूमधल्या त्या लायब्ररीच्या फोल्डरमध्ये 'लास्ट अपडेटेड' या शेपटीच्या फाइलमध्ये करून ठेवतो, आणि ठरावीक मुदत संपेपर्यंत पुन्हा विचारत नाही. ही मुदत मूळ सेटिंगमध्ये एक दिवसाची असते. म्हणजे सकाळी नेटवर्क पाच मिनिटं गेलं तर दिवसभर बिल्ड तेच रडगाणं गातं, आणि नेट तर व्यवस्थित चालू असतं. इलाज सोपा आहे: कमांडला मोठं यू लावा. ते 'मुदत विसर, आत्ता परत विचार' असं सांगतं. ग्रेडलमध्ये याच कामासाठी 'रिफ्रेश डिपेंडन्सीज' आहे.

त्याने भागलं नाही तर फक्त त्याच लायब्ररीचा, त्याच व्हर्जनचा फोल्डर पुसा. अख्खा डॉट एम-टू नको. शेकडो जार परत उतरवताना नेटवर्कने आणखी एखाद्या ठिकाणी दगा दिला तर एकाच्या जागी दोन एरर होतील.

'एरर इन ओपनिंग झिप फाइल' आली तर पुसण्याआधी ती जार एकदा साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा. जार म्हणजे झिपच असते, आणि झिपची सुरुवात 'पीके' या दोन अक्षरांनी होते. झिप स्वरूप तयार करणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरं. बाकी सगळं अगम्य दिसेल, पण ही दोन अक्षरं हवीत. एका मशीनवर मला त्या जागी दिसला एचटीएमएलचा मजकूर: 'कृपया लॉगिन करा'. पाहुण्यांच्या वायफायचं लॉगिन पान मेव्हनने इमानाने जारच्या नावाने जपून ठेवलं होतं. आकारावरूनही संशय यायला हवा. दोन मेगाबाइटच्या लायब्ररीची फाइल चार किलोबाइटची असेल तर ती लायब्ररी नव्हे.

जुना प्रोजेक्ट बऱ्याच वर्षांनी उघडला असेल तर पॉममध्ये रेपॉझिटरीचा, म्हणजे जिथून जार उतरतात त्या साठ्याचा, पत्ता साध्या एचटीटीपीचा आहे का तेही बघा. मेव्हन सेंट्रल या मुख्य सार्वजनिक साठ्याने १५ जानेवारी २०२०पासून एचटीटीपी बंद केलं, आणि मेव्हन ३.८.१पासून मेव्हन स्वतःच असे बाहेरचे पत्ते अडवतो. पत्ता एचटीटीपीएसचा करा. मेव्हनचं व्हर्जन मागे नेऊन ती अडवणूक चुकवू नका. ती अडवणूक वाटेत कुणी जार बदलून देऊ नये म्हणून आहे.

४. झाडाला विचारा: ही जार आणली कुणी?

आता खरा आजार. मला एकच तपासणी करायची मुभा दिली तर मी हीच करेन.

कुठल्या लायब्ररीने कुठली आणली याचं झाड दाखवणारी 'डिपेंडन्सी ट्री' ही कमांड 'व्हर्बोज' पर्याय लावून चालवा आणि 'इन्क्लुड्स'मध्ये संशयित लायब्ररीचं नाव द्या. व्हर्बोज अत्यावश्यक आहे. त्याच्याशिवाय फक्त जिंकलेलं व्हर्जन दिसतं. हरलेलं कोण होतं आणि कुणी मागितलं होतं ते दिसत नाही. पर्याय लावूनही काही फरक दिसत नसेल तर ही कमांड पुरवणारं डिपेंडन्सी प्लगिन जुनं असेल: ३.० मालिकेच्या सुरुवातीला हा पर्याय काढला होता, तो ३.२.०मध्ये परत आला.

माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा आलेलं झाड असं दिसतं (जॅक्सन ही जेसन हाताळणारी लायब्ररी, कोअर आणि डेटाबाइंड हे तिचे भाग):

आपलं-अ‍ॅप
├─ अहवाल-लायब्ररी : १.४
│  └─ जॅक्सन-कोअर : २.१३.५
└─ जॅक्सन-डेटाबाइंड : २.१५.२
   └─ (जॅक्सन-कोअर : २.१५.२, संघर्षामुळे वगळलं)

डेटाबाइंड २.१५ला कोअर २.१५ हवं, कारण 'स्ट्रीम रीड कन्स्ट्रेंट्स' हा क्लास कोअरमध्ये २.१५लाच आला. पण क्लासपाथवर बसलं आहे २.१३.५. अ‍ॅप जेसन हाताळायला गेलं की 'नो क्लास डेफ फाउंड: स्ट्रीम रीड कन्स्ट्रेंट्स'. कंपायलरने हे का पकडलं नाही? तुमच्या कोडमध्ये त्या क्लासचा उल्लेखच नाही. कंपायलर तुमचा कोड तपासतो. दोन तयार जारचं आपापसात पटतं का हे तो बघत नाही, ते चालवतानाच कळतं.

जुनं व्हर्जन जिंकलं कसं, हा पुढचा प्रश्न. मेव्हनचा नियम असा: एकाच लायब्ररीची दोन व्हर्जन्स मागितली गेली तर झाडाच्या मुळापासून जे जवळ ते जिंकतं. नवं-जुनं तो बघत नाही. दोन्ही सारख्याच अंतरावर असतील तर पॉममध्ये जे आधी लिहिलं ते जिंकतं, आणि हा दुसरा भाग २.०.९पासून पक्का आहे. वरच्या झाडात दोन्ही कोअर दुसऱ्या पातळीवर आहेत, आणि अहवाल-लायब्ररी पॉममध्ये वर आहे. एवढ्यावर निकाल लागला.

म्हणजे पॉममधल्या ओळींचा क्रमही अर्थपूर्ण असतो. एका टीममध्ये कुणीतरी स्वच्छतेच्या भरात डिपेंडन्सी अकारविल्हे लावल्या. रिव्ह्यू करणाऱ्याने "छान दिसतंय" म्हणून मान्यताही दिली, कारण एकही ओळ वाढली नव्हती की कमी झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी अ‍ॅप आडवं. "काहीच बदललेलं नाही" हे वाक्य त्या दिवशी जितकं मनापासून ऐकलं तितकं परत कधी नाही.

ग्रेडल इथे अगदी वेगळं वागतं. मूळ सेटिंगमध्ये ते भांडणातलं सगळ्यात नवं व्हर्जन निवडतं, आणि ट्रीमध्ये '२.१३.५ बाण २.१५.२' असं दाखवतं. 'डिपेंडन्सी इनसाइट' विचारलं तर निवडीचं कारणही सांगतं. त्यामुळे प्रोजेक्ट मेव्हनवरून ग्रेडलवर नेला की काही जुने आजार आपोआप बरे होतात आणि काही नवे सुरू होतात. नवं म्हणजे सुसंगत, असं कुणी लिहून दिलेलं नाही. ग्वाव्हा या लायब्ररीचंच बघा: 'ऑब्जेक्ट्स'मधली 'टू स्ट्रिंग हेल्पर' ही मेथड १८ व्हर्जनपासून 'मोअर ऑब्जेक्ट्स'मध्ये आली आणि २१मध्ये जुन्या जागेवरून काढून टाकली गेली. जुन्या जागी ती शोधणारी लायब्ररी नव्या ग्वाव्हावर पडतेच.

५. दुरुस्ती, आणि कुठली दुरुस्ती टाळायची

झाड समजलं की हात शिवशिवतात, आणि पहिला सुचणारा उपाय असतो 'एक्सक्लुजन': अहवाल-लायब्ररीला सांगायचं, कोअर आणू नकोस. चालतं. पण उद्या आणखी एक लायब्ररी जुनं कोअर घेऊन येते, मग तिथेही एक्सक्लुजन. वर्षभराने पॉम वाचणाऱ्याला बावीस एक्सक्लुजन्स दिसतात आणि एकाचंही कारण कळत नाही. मी एक्सक्लुजन राखून ठेवतो ते जी गोष्ट मुळातच नको आहे तिच्यासाठी. उदाहरणार्थ, दोन लॉगिंग बाइंडिंग्जपैकी एक.

व्हर्जनच्या भांडणासाठी जागा म्हणजे पॉममधला 'डिपेंडन्सी मॅनेजमेंट' हा भाग. तिथे लिहिलेलं व्हर्जन झाडातल्या कुठल्याही पातळीवर लागू होतं, जवळ-लांबचा प्रश्नच उरत नाही. जॅक्सनसारख्या कुटुंबाला तर एकेक नाव लिहू नका, त्यांचा बॉम 'इम्पोर्ट' स्कोपने घ्या. बॉम म्हणजे 'ही सगळी व्हर्जन्स एकमेकांबरोबर चालतात' अशी त्या लायब्ररीवाल्यांनीच दिलेली यादी. दोन बॉममध्ये एकच लायब्ररी असेल तर आधी इम्पोर्ट केलेला जिंकतो, हे लक्षात असू द्या. आणि थेट डिपेंडन्सीवर तुम्ही स्वतः व्हर्जन लिहिलं असेल तर तिथे मॅनेजमेंटचं काही चालत नाही. "बॉम घातला तरी फरक नाही" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांच्या पॉममध्ये तीच एक जुनी ओळ सापडते.

या औषधाचा साइड इफेक्टही सांगतो. डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे या लॉगिंग लायब्ररीत सुरक्षेचं ते मोठं भगदाड सापडलं तेव्हा सगळ्यांनी घाईघाईने मॅनेजमेंटमध्ये 'लॉगफोरजे-कोअर २.१७.१' ची ओळ टाकली. त्या दिवशी तेच योग्य होतं. पण ती ओळ अजून तशीच आहे. आज एखादी लायब्ररी २.२० मागते आणि मॅनेजमेंट तिला गुपचूप २.१७.१वर खाली ओढतं. त्यात एपीआयची जार पिन केलेली, म्हणजे अशीच एका व्हर्जनला बांधलेली, नसेल तर कोअर एका व्हर्जनचं आणि एपीआय दुसऱ्याचं, असं जोडपं तयार होतं. व्हर्बोज झाडात हे 'व्हर्जन मॅनेज्ड फ्रॉम' या शब्दांनी कळतं. ते शब्द दिसले की त्यांच्यापुढचा आकडा निवडलेल्या व्हर्जनपेक्षा मोठा होता का ते बघा. पिन करताना शेजारी एका ओळीत कारण आणि तारीख लिहिली असती तर हे खणावं लागलं नसतं. मी आता तसं न लिहिलेलं पिन रिव्ह्यूत पुढे जाऊ देत नाही.

दुरुस्ती झाली की एन्फोर्सर प्लगिनचा 'रिक्वायर अपर बाउंड डेप्स' हा नियम लावून ठेवा. कुणी मागितलेल्यापेक्षा जुनं व्हर्जन निवडलं गेलं की बिल्ड तिथेच थांबतं. त्याचाच भाऊ 'डिपेंडन्सी कन्व्हर्जन्स' प्रत्येक किरकोळ फरकावर ओरडतो. मोठ्या प्रोजेक्टवर तो लावला की आठवड्याभरात कुणीतरी वैतागून एन्फोर्सरच काढून टाकतं, म्हणून मी तो लावत नाही.

६. झाड म्हणतं सगळं ठीक आहे, तरी पडतं

मेव्हनच्या दृष्टीने लायब्ररीची ओळख म्हणजे ग्रुप आयडी आणि आर्टिफॅक्ट आयडी. नाव बदललं की त्याच्यासाठी ती वेगळी लायब्ररी, आत तेच क्लास असले तरी. जुनी 'सर्व्हलेट-एपीआय' आणि नंतरची 'जावाएक्स डॉट सर्व्हलेट-एपीआय' ही जोडी प्रसिद्ध आहे. बाउन्सी कॅसल या क्रिप्टोग्राफीच्या लायब्ररीच्या 'जेडीके१५ऑन' आणि 'जेडीके१८ऑन' जारही तशाच. झाडात कुठलाही संघर्ष दिसत नाही, दोन्ही जार क्लासपाथवर येतात, आणि जी आधी सापडते तिच्यातला क्लास लोड होतो.

"माझ्याकडे चालतं, सर्व्हरवर नाही" याचं कारण पुष्कळदा इथे असतं. सर्व्हर अ‍ॅप चालवताना 'लिब फोल्डरमधलं सगळं' अशा पद्धतीने क्लासपाथ देत असेल, तर जार कुठल्या क्रमाने येतील याची जावा हमी देत नाही. तुमच्या मशीनवर नवी आधी, तिथे जुनी आधी.

इथे अंदाज बंद करून जावालाच विचारा. चालवताना 'व्हर्बोज क्लास' हा पर्याय लावा, जावा ९पासून त्यासाठी 'एक्स-लॉग'मध्ये 'क्लास लोड' आहे. प्रत्येक क्लास कुठल्या जारमधून आला याची ओळ छापली जाते. लॉग प्रचंड होतो, पण तुम्हाला पहिल्या पायरीवर कागदावर उतरवलेल्या एका नावाची एकच ओळ शोधायची आहे. त्या ओळीत अनपेक्षित जारचं नाव दिसतं तो क्षण मला या कामातला सगळ्यात आवडता वाटतो.

मग बांधलेलं पॅकेज उघडून आतली जारची यादी डोळ्यांनी वाचा. सर्व्हरवरच्या फोल्डरवर नव्या जार नुसत्या कॉपी करत गेलं तर जुन्या तिथेच राहतात, आणि एकाच लायब्ररीची दोन व्हर्जन्स शेजारी-शेजारी बसलेली दिसतात. यात मेव्हनचा काही दोष नसतो.

७. स्कोप

लायब्ररी कंपाइल, टेस्ट, चालवणं यापैकी कशासाठी हवी ते स्कोप सांगतो. दोनच सापळे सांगतो. 'प्रोव्हायडेड', म्हणजे सर्व्हरच पुरवणार अशी, असायला हवी ती जार पॅकेजमध्ये गेली, तर सर्व्हरची एक आणि तुमची एक अशा दोन प्रती वेगवेगळ्या क्लासलोडरकडून लोड होतात. मग तो वेडगळ 'क्लास कास्ट': नाव तेच, पण जावासाठी दोन वेगळे क्लास.

दुसरा जास्त छुपा. एखादी लायब्ररी आधीपासून ट्रान्झिटिव्ह मार्गाने, म्हणजे दुसऱ्या लायब्ररीमागून, 'कंपाइल'मध्ये येत होती. कुणीतरी टेस्टसाठी हवी म्हणून ती पॉममध्ये थेट 'टेस्ट' स्कोपने लिहिली. जवळचं जिंकतं हे स्कोपलाही लागू आहे, त्यामुळे ती आता फक्त टेस्टपुरती उरली. टेस्ट सगळ्या हिरव्या, आणि पॅकेजमधून जार गायब. व्हर्बोज झाडात यावर 'स्कोप नॉट अपडेटेड टू कंपाइल' अशी टीप असते. ती चटकन नजरेतून सुटते.

८. 'जावाएक्स' की 'जकार्ता'?

एररमध्ये क्लासचं नाव 'जावाएक्स डॉट सर्व्हलेट' किंवा 'जावाएक्स डॉट पर्सिस्टन्स'ने सुरू होत असेल आणि नुकतंच फ्रेमवर्क वाढवलं असेल, तर हे व्हर्जनचं भांडण नाही. २०२०मध्ये आलेल्या जकार्ता ईई ९ने (जकार्ता ईई म्हणजे जावा ईईचं नवं नाव) या पॅकेजेसची नावंच 'जकार्ता' केली, आणि नोव्हेंबर २०२२च्या स्प्रिंग बूट ३ या फ्रेमवर्कने तीच वाट धरली, शिवाय किमान जावा १७ मागितली. जुनी जार शोधून आणून घुसवल्याने एरर फक्त एक पायरी पुढे सरकते. तुमचा कोड आणि त्याला टेकलेल्या लायब्ररी दोन्ही त्या बाजूला न्याव्या लागतात. ते स्थलांतराचं काम आहे, संध्याकाळी उरकायचं नाही. 'जावाएक्स डॉट एक्सएमएल डॉट बाइंड'चं दुखणं मात्र जुनं आहे: ते मॉड्यूल जावा ११मधून काढून टाकलं गेलं, त्यामुळे त्याची डिपेंडन्सी स्वतः लिहिली की सहसा भागतं.

९. शेडिंग

दोन लायब्ररींना तिसरीची अशी दोन व्हर्जन्स हवीत की कुठलंच एक व्हर्जन दोघांना चालत नाही, तेव्हा शेड प्लगिनने एकीच्या आतली पॅकेजची नावं बदलून दोन्ही प्रती एकत्र नांदवता येतात. मी हे चार-पाच वेळाच केलं आहे आणि दर वेळी वाटलं की आधी त्या लायब्ररीचं नवं व्हर्जन नीट शोधायला हवं होतं. नाव बदललं की रिफ्लेक्शनने, म्हणजे स्ट्रिंगमधल्या नावावरून शोधणारा कोड चुकू शकतो. 'मेटा-इन्फ'मधल्या सर्व्हिसेसच्या फाइल्स नीट एकत्र केल्या नाहीत तर एकीवर दुसरी लिहिली जाते आणि ड्रायव्हर गुपचूप नाहीसा होतो.

कुठे थांबायचं

पहिल्या पाच तपासण्यांना मी दोन तास देतो. तेवढ्यात कारण सांगता आलं नाही तर एकट्याने पुढे जात नाही. एरर गेली पण का गेली ते सांगता येत नाही, हेही 'कारण मिळालं नाही' याच खात्यात धरा.

'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड' आली तर लगेच थांबा आणि नेटवर्क सांभाळणाऱ्यांना बोलवा. मधल्या प्रॉक्सीचं सर्टिफिकेट जावाच्या विश्वासयादीत नाही एवढंच त्यात असतं, आणि ते सर्टिफिकेट कुठलं हे त्यांनाच ठाऊक. सर्टिफिकेटची तपासणी बंद करणारे पर्याय शोधल्यावर सापडतात. ते वापरू नका, कारण त्यानंतर येणारी जार कुणाची आहे याला काहीच पुरावा उरत नाही.

संस्थेच्या आतल्या रेपॉझिटरीत जार नसेल, किंवा चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते तपासायचा आकडा) जुळत नसेल, तर ती रेपॉझिटरी चालवणाऱ्यांकडे जा. कुठून तरी जार उतरवून हाताने डॉट एम-टूमध्ये ठेवली तर ती फक्त तुमच्या मशीनवर चालेल आणि पुढच्या माणसाला पहिल्या लक्षणापासून सुरुवात करावी लागेल. सुरक्षेसाठी पिन केलेलं व्हर्जन खाली आणल्याशिवाय अ‍ॅप चालत नसेल तर तो निर्णय तुमचा नाही, सिक्युरिटी टीमचा आहे. शेडिंग, स्वतःचे क्लासलोडर, किंवा वर्षानुवर्षं हात न लागलेल्या लायब्ररीचा फोर्क (स्वतः सांभाळायची वेगळी प्रत) इथवर गोष्ट आली तर बिल्ड सांभाळणाऱ्या अनुभवी माणसाला शेजारी बसवा.

त्यांच्याकडे जाताना तीन फाइल्स घेऊन जा: पूर्ण स्टॅक ट्रेस (एररचा वरपासून तळापर्यंतचा मजकूर), व्हर्बोज झाडाचा टेक्स्ट, आणि जिथे चालतं व जिथे पडतं त्या दोन्ही मशीनवरचं मेव्हनच्या व्हर्जन कमांडचं उत्तर. स्क्रीनशॉट नको. त्यात नेमकं शेवटचं 'कॉज्ड बाय' कापलेलं असतं.